चारचं टपाल

आमच्या ऑफिसात ई-मेल दिवसातून दोनदा यायचा. सकाळी अकराला आणि दुपारी चारला. मधल्या वेळात जगात कुठेही, कोणीही, काहीही लिहून पाठवलं तरी राहनाळच्या आमच्या गोदामात त्याला प्रवेश नव्हता. हसताय ना? हसा. मीही पुष्कळ हसले आहे. चार माणसं जमली की मी उठून उभी राहते, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढते आणि मास्तर करून दाखवते. अर्धी गोष्ट होईपर्यंत लोक डोळे पुसतात हसून. उरलेली अर्धी मी सहसा सांगत नाही. आज सांगते.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, पोस्टातले. खारबावच्या पोस्टातून ते निवृत्त झाले आणि दादांनी त्यांना पत्रव्यवहार बघायला आमच्याकडे आणलं. दादा म्हणजे गोदामाचे मालक. ज्या जमिनीत त्यांच्या वडिलांनी भात लावला त्याच जमिनीत दादांनी पत्र्याची गोदामं लावली आणि मुंबईच्या कंपन्यांना भाड्याने दिली. कंपन्यांचा माल आमच्याकडे पडून असायचा: पंखे, साबणाची खोकी, रंगाचे डबे. कोणत्या गाडीत किती माल भरायचा याची ऑर्डर मुंबईहून ई-मेलने यायची. मी तिथे कॉम्प्युटर ऑपरेटर होते. मास्तर मला नावाने हाक मारत नसत. लग्नाआधीही ‘अहो ऑपरेटर’, लग्नानंतरही ‘अहो ऑपरेटर’. बाळंतपणाची रजा संपवून आले, पेढे वाटले, तर पेढा कपाळाला लावून म्हणाले, “अभिनंदन, ऑपरेटर.”

दोन हजार सालानंतरची ती पहिली वर्षं. फोनचीच वायर कॉम्प्युटरला जोडायची, मग मॉडेम कोकलायचा, मग नेट लागायचं, आणि नेट लागलं की फोन बंद. ही वायर जोडण्याचा अधिकार फक्त मास्तरांना. अकरा वाजले की ते खुर्ची ओढत, वायर खोचत, मॉडेमचं ओरडणं एखाद्या मानाच्या पाहुण्याचं भाषण ऐकावं तसं ऐकून घेत आणि मग उजव्या हाताचं पहिलं बोट वर उचलून ‘सेंड अँड रिसीव्ह’च्या बटणावर असं आणत, की पडद्यामागे तुतारी वाजली पाहिजे. मेल उतरले की वायर काढायची. मग प्रत्येक मेल छापायचा. प्रत्येक कागदावर तारखेचा रबरी शिक्का, ठप्प. मग वाटप.

वाटप बघण्यासारखं होतं. प्रिंटर माझ्याच टेबलावर होता. म्हणजे कागद माझ्या कोपराजवळून बाहेर पडणार, मास्तर तो उचलणार, आपल्या टेबलाशी नेणार, शिक्का मारणार, आणि पुन्हा माझ्यासमोर येऊन उभे राहणार. “आपलं टपाल.” मी हात पुढे करून घेईपर्यंत हलायचे नाहीत.

एकदा केस उगवण्याच्या औषधाची जाहिरात आली, इंग्रजीतून, कुठल्या परदेशातून कोण जाणे. दादांना पूर्ण टक्कल. मास्तरांनी ती छापली, शिक्का मारला, घडी घातली आणि केबिनमध्ये नेऊन दोन्ही हातांनी दादांना दिली.

“मास्तर, ह्यो काय हाय?”

“आपल्या पत्त्यावर आलं आहे.”

“फेकून द्यायचा ना!”

“दुसऱ्याचं टपाल मी फेकत नाही. आपण फेका.”

दादांनी टकलावरून हात फिरवला आणि स्वतः उठून कागद टोपलीत टाकला. कागद टोपलीत पडेपर्यंत मास्तर थांबले, मान लववली, गेले.

खरे हाल व्हायचे ट्रकवाल्यांचे. गाडी गोदामाला लागलेली, हमाल तयार, आणि ऑर्डर कुठेतरी हवेत.

“मास्टरजी, ऑर्डर आया क्या?”

“आया होगा.”

“होगा मतलब?”

“चार बजे मालूम पडेगा.”

“अरे, हमको गुजरात जाने का है, शाम को नाका जाम होता है!”

“चार के बाद भी गुजरात उधरच रहेगा.”

मग ड्रायव्हर ट्रकखाली गमछा पसरून झोपायचा आणि झोपेतही मास्तरांना शिव्या द्यायचा. हमाल मात्र मास्तरांवर खूश. दुपारी पोत्यांवर आडवं पडायला मिळायचं.

तक्रारी वाढल्या तेव्हा एका कंपनीने मुंबईहून एक टायवाला पोरगा पाठवला. आम्हाला शिकवायला. तो मास्तरांच्या खुर्चीत बसला. इथेच नाटकाचा पहिला अंक रंगला. त्याने मेलचा प्रोग्राम उघडला, ‘टूल्स’मध्ये गेला, ‘ऑप्शन्स’मध्ये गेला. तिथे एक चौकोन असतो. त्यात खूण केली की दर इतक्या मिनिटांनी मशीन आपणहून नवे मेल उतरवून घेतं. पोराने खूण केली, पुढे तीस हा आकडा टाकला. वायर पण कायमची जोडून टाकली.

“झालं सर. आता दर अर्ध्या तासाने आपोआप येणार.”

मास्तर त्याच्या खांद्यामागे उभे होते. “मला विचारून?”

“नाही सर, ऑटोमॅटिक.”

“मी जागेवर नसलो तरी?”

“हो सर.”

“मी जेवत असलो तरी?”

“हो सर! तीच तर सोय आहे.”

“अहो, मग माणसाने घराला दार तरी कशाला करावं?”

पोरगा हसला. त्याला वाटलं विनोद आहे. चहा पिऊन, सगळ्यांशी हात मिळवून निघाला, आणि त्याची गाडी मानकोलीच्या नाक्यावर पोचली नसेल तोवर मास्तरांनी ती खूण पुसली होती. नुसती पुसून थांबले नाहीत. पुढचे दोन दिवस त्यांनी त्या प्रोग्रामातली पानं अशी तपासली, जसं घरात उंदीर शिरल्यावर भिंती तपासतात. शेवटी दुसरा चौकोन सापडला: प्रोग्राम उघडल्याबरोबर नवे मेल तपासावेत. “ही बघा, ऑपरेटर,” मास्तर विजयी सुरात म्हणाले, “चोरवाट!” तीही बुजवली.

मी दादांना विचारलं, तुम्ही चालवून कसं घेता? दादा गंभीर झाले. एरवी ते कोणाचं ऐकून घेणारे नव्हते. म्हणाले, “माजा बाप अंगठेवाला. त्याची सगली पत्रं मास्तरांनी वाचली. जमिनीची, कोर्टाची, भावाभावांच्या भांडनाची. गावात कोनाला एक शब्द बोलले न्हाय. म्हंजे माज्या आयेला पन न्हाय. त्यांना मी शिकवू?”

हे खरं होतं. मास्तरांचे नियम दोनच. टपाल आपल्या वेळेला उघडायचं, आणि पत्रातलं तोंडाने बोलायचं नाही. पत्राचं उत्तर पत्राने द्यायचं. ज्याचं पत्र त्याने विषय काढला तर ऐकायचं, आपण काढायचा नाही. गावात त्यांना अर्ध्या लोकांची लफडी माहीत होती आणि बाकीच्या अर्ध्यांची आजारपणं. पण त्यांच्याशी गप्पा मारणं म्हणजे बंद पोस्टाच्या खिडकीशी गप्पा मारणं.

वेळेचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही मी फार छळलं म्हणून. नोकरीला लागले तेव्हा ते पिशवी घेऊन गावोगाव फिरायचे. एकदा शेताच्या बांधावर एक बाई भेटली. म्हणाली, माझं काही आहे का? नियमाप्रमाणे घरी जाऊन द्यायचं. पण हे तरुण, दयाळू. पिशवी तिथेच उघडली. पत्र होतं. तिला वाचता येत नव्हतं, तर वाचूनही दाखवलं. तिचा नवरा मुंबईत गोदीत कामाला होता. होता, एवढंच त्या पत्रात होतं.

“ती खाली बसली, ऑपरेटर. लावणीचे दिवस. सगळा चिखल. टेकायला काही नाही, धरायला काही नाही. मी पिशवी घेऊन उभा.” मग ते म्हणाले, “घरी नेऊन दिलं असतं, तर निदान घर तरी असतं आजूबाजूला.”

त्यानंतर मी त्यांची नक्कल करायची थोडी कमी केली. बंद नाही केली. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे.

मास्तरांना एकच मुलगी. मस्कतला दिली होती. जावई तिथे कुठल्याशा कंपनीच्या स्टोअरमध्ये होता. मास्तरांच्या घरी फोन नव्हता, म्हणून तिचे मेल आमच्या ऑफिसच्या पत्त्यावर यायचे, इंग्रजी अक्षरांत लिहिलेली मराठी, साबणाच्या आणि पंख्यांच्या ऑर्डरींमध्ये अडकून. मास्तर ते छापायचे, शिक्का मारायचे आणि न वाचता घडी घालून खिशात ठेवायचे.

“वाचा की इथेच,” मी म्हणायची.

“हे घरचं टपाल आहे. घरी वाचतील.” वाचतील म्हणजे ते आणि काकू, दिवेलागणीला, काकूंचा रात्रीचा भात होण्याआधी.

नातू झाला ती बातमीही चारच्याच टपालात आली. तो सकाळीच झाला होता. मी म्हटलं, “मास्तर, आज तरी मधे एकदा बघायचं होतंत!” तर म्हणाले, “चारपर्यंत काय तो परत जाणार होता?”

त्या दिवशी आम्ही इतके हसलो की दादा केबिनमधून बाहेर आले.

नातू दोन वर्षांचा असताना मुलगी एकदा आली. एकटी, पोराला घेऊन, न कळवता. मी तिला तेव्हा पाहिलं नाही. मास्तर पंधरा दिवस कमी बोलत होते, म्हणजे मुळात कमी त्यातही कमी. मग एक दिवस रजा घेतली, स्वतः विमानतळावर जाऊन तिला पोहोचवून आले. दुसऱ्या दिवशी कागदांवर शिक्के मारता मारता मधेच थांबले.

“तिची आई नको म्हणत होती,” ते म्हणाले. “दंडावर वळ होते. मी म्हटलं, संसार आहे, सांभाळून घे.”

 त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. ठप्प, ठप्प, पुढचे कागद.

आता मी बसून सांगते. उभं राहून सांगण्यासारखं पुढे काही नाही.

उन्हाळा होता. पत्र्याखाली बसलेली माणसं दुपारी बोलत नाहीत, नुसती तापत असतात. चारला मास्तरांनी वायर खोचली, बटण दाबलं. चार मेल उतरले. तीन ऑर्डरी. चौथ्याचा विषय होता: बाबा लगेच वाचा.

मास्तरांनी क्रम मोडला नाही. चारही छापायला दिले. आमचा प्रिंटर जुना, एकेक ओळ करकरत बाहेर सोडणारा. चौथा कागद माझ्या कोपराजवळ निघू लागला. मी वाचायला नको होतं, पण ओळ डोळ्यांसमोर येत होती, आणि पुढची कधी येते म्हणून मी वाट बघत होते.

तिने लिहिलं होतं, की तिचा आणि पोराचा पासपोर्ट एरवी नवरा कुलपात ठेवतो, पण व्हिसाच्या कामासाठी काढलेले आज घरात आहेत. शेजारच्या वहिनी कायमच्या मुंबईला परत निघाल्या आहेत, उद्या पहाटेच्या विमानाने. त्यांच्या यजमानांनी तिकिटांची सोय करायची तयारी दाखवली आहे. हा मेल ती त्यांच्याच कॉम्प्युटरवरून लिहीत होती. घरचा फोन तिला वापरता येत नव्हता, नवरा बिल तपासायचा. ‘मागच्या वेळी तुम्ही परत पाठवलंत. मी रागावले नाही. पण पुन्हा दारातून परत पाठवणार असाल तर निघण्यात अर्थ नाही, मग इथे माझं काय होईल सांगता येत नाही. तुम्ही ये म्हणालात तर निघते. हे दोन वाजता जेवायला येतात. तोपर्यंत मी या मशीनसमोरच बसून आहे.’

वर मेल पाठवल्याची वेळ होती. दुपारी बारा. आमचे बारा.

मास्तरांनी कागद उचलला. टेबलाशी नेला. शिक्क्याचा हात वर गेला आणि तिथेच राहिला. त्यांनी उभ्याउभ्या तो मेल वाचला, ऑफिसात, पहिल्यांदा. मग खुर्चीत बसले आणि दोन बोटांनी टाइप करू लागले. मला पडदा दिसत होता. इंग्रजी अक्षरं दोनच. ये. खाली, तुझे बाबा. वायर पुन्हा खोचली. बटण दाबलं. मेल गेला.

“ऑपरेटर, मस्कतला आता किती वाजले असतील?”

“आपल्यापेक्षा दीड तास मागे ना? अडीच.”

“अडीच,” ते म्हणाले.

वायर काढायला त्यांचा हात पुढे गेला नाही. अर्ध्या तासाने दादा बाहेर आले. “मास्तर, फोन लागत न्हाय. लाइन मोकली करा.”

“आज नाही, दादा.”

दादांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि आत गेले. मास्तर पाच-पाच मिनिटांनी बटण दाबत होते. एक जाहिरात आली. एक ऑर्डर आली. मस्कतहून काही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. सहारला, विमानतळावर गेले होते. मस्कतचं विमान उतरलं, माणसं बाहेर आली, ढकलगाड्या, कार्डबोर्डची खोकी, गळ्यात पडणारे नातेवाईक. त्यांना त्या शेजारच्या वहिनी कशा दिसतात हे माहीत नव्हतं. कोणाला विचारणार? पोर कडेवर घेतलेली बाई दिसली की ते पुढे व्हायचे. दुपारपर्यंत उभे होते. हे त्यांनी मला सांगितलं नाही. काकूंनी पुढे कधीतरी सांगितलं. मला फक्त एवढंच म्हणाले, “आली नाही.”

मी म्हटलं, “मास्तर, फोन करा. आत्ता करा.”

दादांच्या केबिनमधून त्यांनी मस्कतला फोन लावला. दादांनी स्वतः नंबर फिरवून दिला आणि उठून बाहेर आले. दार उघडंच होतं. जावयाने घेतला असावा, कारण मास्तर आधी “हो, सगळे बरे” असं म्हणाले. मग मुलगी आली.

“बरी आहेस ना? … बाळ? … इथे फार उकाडा आहे. … आई बरी आहे. … हो. … हो. … जप.”

फोन ठेवला. मी दारातच होते. “काय म्हणाली?”

“बरं आहे म्हणाली.”

“तुम्ही विचारलं नाही? मेल मिळाला का म्हणून?”

“तिने विषय काढला नाही.”

“अहो, नवरा शेजारी उभा असेल! ती कसा काढणार?”

“म्हणूनच मीही काढला नाही,” मास्तर म्हणाले. “पत्रातलं तिसऱ्याच्या कानावर घालायचं नाही.”

मग त्यांनी पुन्हा त्या वहिनींच्या पत्त्यावर मेल पाठवला. तो परत आला. तो पत्ता यजमानांच्या कंपनीचा होता. नोकरी संपली, पत्ता बंद. मास्तरांनी परत आलेला मेल छापला, शिक्का मारला आणि मला समजावून सांगितलं, अगदी शांतपणे, पोस्टात नवीन लागलेल्या माणसाला समजावतात तसं. “हा दुसरा परत आला. पहिला परत आलेला नाही. परत आलं नाही म्हणजे पोचलं. तिला मिळालं आहे. तिने वाचलं आणि राहायचं ठरवलं. तिचा संसार आहे.”

यात चूक कुठे आहे हे मला दिसत होतं. पोचणं वेगळं, कोणी उघडणं वेगळं. पण हे मी राहनाळमधल्या सगळ्यात जुन्या टपालवाल्याला कोणत्या तोंडाने सांगणार होते? आणि माझ्या डोळ्यांसमोर त्या माणसाला दुसरं काही उरलं नव्हतं धरायला.

तुम्हाला वाटेल, त्यांनी निदान तो चौकोन तरी भरला असेल. दर मिनिटाला, दर अर्ध्या मिनिटाला मेल उतरवायला लावला असेल. मलाही तसंच वाटलं होतं. एक दिवस मी म्हटलं, “मी लावून देऊ का? आपोआप?” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा विचारलं नाही. अकरा आणि चार. आधीपेक्षा कडक. ती खूण केली असती, तर त्या दिवशी ती का नव्हती, याचं उत्तर द्यावं लागलं असतं. स्वतःलाच.

मुलीचे मेल थांबले. दिवाळीला भेटकार्ड यायचं, छापील मजकुराचं, खाली तिघांची नावं. पुढे ब्रॉडबँड आलं, वायर खोचायची कटकट गेली, जुनं मशीन भंगारात दिलं. ऑर्डरी आता थेट दादांच्या मुलाच्या लॅपटॉपवर यायला लागल्या. मास्तरांकडे जुन्या पत्त्यावरचं किरकोळ टपाल उरलं, ते मात्र अजून दोनदाच उघडत. ड्रायव्हर शिव्या द्यायचे थांबले होते. शिव्या देण्याइतकं मास्तरांच्या हाती काही उरलं नव्हतं.

मग काकू गेल्या. दिवसकार्य झाल्यावर मास्तर तिसऱ्याच दिवशी कामावर हजर. आणि त्या दुपारी दारात एक बाई उभी राहिली. हातात डबा. केस अर्धे पांढरे, पण चालणं तरुण बाईचं.

“तुम्हीच ऑपरेटर ना?” ती मला म्हणाली. “बाबांचा डबा राहिला घरी.”

ती आईच्या दिवसांसाठी आली होती. नवऱ्याने एकटीला पाठवलं होतं, मुलगा तिकडेच. शुक्रवारी परत जायची होती. तिने मास्तरांच्या टेबलावरचे कागद बाजूला केले, डबा उघडला, पोळी-भाजी वाढली, समोर स्टूल ओढून बसली. मी उठून जायला लागले, तर म्हणाली, “बसा हो. तुमच्यापासून काय लपलंय?”

मास्तर जेवू लागले. थोड्या वेळाने ती म्हणाली, “बाबा, एक विचारू? भांडायला नाही विचारत.”

“विचार.”

“त्या दिवशी एका ओळीचं तरी उत्तर का नाही पाठवलंत? नको येऊस म्हणाला असतात तरी चाललं असतं.”

मास्तरांच्या हातात घास होता. “पाठवलं होतं,” ते म्हणाले.

“काय पाठवलं होतं?”

“ये म्हणून.”

तिने माझ्याकडे पाहिलं. म्हातारा भ्रमिष्ट झालाय का, हे विचारावं तसं. मग पुन्हा त्यांच्याकडे. “कधी?”

“चारला.”

“मी तुमच्या बाराला लिहिलं होतं. तिथे बसून होते. हे यायची वेळ झाली तेव्हा वहिनींनी मशीन बंद केलं आणि मला घरी पाठवलं. चारला का?”

“टपाल चारला बघतो मी.”

“म्हणजे माझं पत्र इथे येऊन पडलं होतं? चार तास?”

“इथे नव्हतं आलं,” मास्तर म्हणाले. “उतरवून घेतलं नव्हतं.” त्याही वेळी त्यांनी ती चूक दुरुस्त केली. जन्मभराची सवय, दुसरं काय.

“दाखवा मला. तुम्ही पाठवलेलं दाखवा.”

“ते मशीन भंगारात गेलं.”

ती माझ्याकडे वळली. “तुम्ही पाहिलं होतं?”

“पाहिलं होतं,” मी म्हटलं. “माझ्यासमोर टाइप केलं. ये, खाली तुझे बाबा. दुसऱ्या दिवशी विमानतळावर पण गेले होते. दुपारपर्यंत उभे होते.”

बाहेर हमाल खोकी फेकत होते, एक-दोन, एक-दोन, असा आवाज येत होता. तिने तो थोडा वेळ ऐकला.

“फोनवर पण काही बोलला नाहीत,” ती म्हणाली. “उकाडा आहे म्हणालात. मला वाटलं, वाचलं आणि गप्प बसलात. म्हटलं, ठीक आहे. बाबा नको म्हणतात, म्हणजे आपल्याला दुसरं घर नाही. मग इथेच काय ते. एकदा असं ठरलं ना, बाबा, की माणूस पुष्कळ सोसू शकतो. ठरलेलं असतं म्हणून सोसतो.” तिने हाताची बांगडी वर सरकवली, खाली सरकवली. “आणि ते ठरलेलंच नव्हतं.”

“ये,” मास्तर म्हणाले.

मी त्यांचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. त्यात टपाल नव्हतं, शिक्का नव्हता, काही नव्हतं. “आता ये. मुलाला घेऊन ये. शुक्रवारी जाऊ नकोस, त्याला इकडे मागवून घे, मी दादांना सांगतो, दादांच्या ओळखी आहेत. ये तू.”

ती रागावली नाही. तिचा चेहरा उलट थोडा मऊ झाला, लहान मुलाला काही समजावताना होतो तसा.

“आता मी विचारलं नाही, बाबा,” ती म्हणाली.

मग तिने रिकामी भांडी उचलली, ताटात उरलेलं तसंच ठेवलं आणि डबा घेऊन बाहेर गेली. गोदामाच्या कोपऱ्यावरच्या नळाशी दोघे हमाल पाणी पीत होते, ते बाजूला झाले. ती उकिडवी बसून डबा घासू लागली. घासून झाला, विसळून झाला, पुन्हा घासायला घेतला.

आत मास्तर उष्टा हात ताटावर धरून बसले होते. भाजी बोटांवर वाळत चालली होती. आमच्याकडे हात धुवायला तो एकच नळ होता, आणि तिथे ती होती.